क्लेमच्या पलटणीचे शर्ट

आमच्या पोर्ट ट्रेमेनमध्ये नोव्हेंबर महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, माणूस एक हात तोंडासमोर हलता ठेवूनच बोलतो. हात थांबला की माशी आत जाते आणि वाक्य आतच राहतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळणारी ही गोष्ट. पण हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, म्हणजे बोल्सच्या क्लबात भरलेल्या सभेत, "शर्टांचं काम कोण अंगावर घेतं?" असं विचारून टॅमसिननं समोर पाहिलं, तेव्हा नेमका माझा हात हवेत होता. मी नाकावरची माशी हाकलत होतो. टॅमसिननं टाळ्या वाजवल्या. तिच्यामागोमाग सगळ्या सभेनं वाजवल्या. ज्यांचे हात स्वतःच्या माश्यांमध्ये गुंतले होते त्यांनी तेवढ्यापुरतं ते काम थांबवून वाजवल्या. टाळ्या संपेपर्यंत माशी दुसऱ्याच्या नाकावर जाऊन बसली होती आणि मी शर्टप्रमुख झालो होतो.

उभं राहून खुलासा करावा असा माझा विचार होता. पण शेजारी बसलेल्या ग्लेनिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला खाली ओढलं. ती म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तू बागेतल्या नळाला सकाळी पाइप लावतोस आणि संध्याकाळी काढतोस, आता जरा काहीतरी कर. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या पाइपाबद्दल चारचौघांत असं बोलू नये. पण संसारात अशा गोष्टी गिळाव्या लागतात, आणि त्या माश्यांपेक्षा जड जातात.

सभा होती गावातल्या पहिल्या प्राइड मिरवणुकीची. ॲडलेडला, म्हणजे जवळच्या मोठ्या शहरात, ती दरवर्षी निघते. आमच्या गावातली समलिंगी मंडळी इतकी वर्षं गाड्या काढून तिकडे जायची आणि संध्याकाळी गालांवर चमकी घेऊन परत यायची. या वर्षी टॅमसिननं ठरवलं की मिरवणूक इथंच काढायची, धक्क्यापासून स्मारकाच्या बागेपर्यंत. टॅमसिनचं औषधाचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येकाला कुठं काय होतं हे तिला ठाऊक असल्यामुळे तिला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. आणि मिरवणुकीच्या पुढे कोण असणार, तर क्लेम हॅरिगन.

क्लेमबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मी थट्टा करणार नाही. ते व्हिएतनाममध्ये सार्जंट होते. परत आल्यावर त्यांच्या तुकडीतल्या वायरलेसवाल्या पोराला लष्करी पोलिसांनी एका खोलीत बसवलं आणि तू पुरुषांबरोबर असतोस का, कुणाकुणाबरोबर असतोस, म्हणून पिळायला सुरुवात केली. क्लेम दार ढकलून आत गेले आणि म्हणाले, "त्याला काय विचारता? मला विचारा. मी आहे. घ्या लिहून." अंगावर गणवेश असताना हे आपण होऊन सांगणारा त्या काळातला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. लष्करानं त्यांना काढून टाकलं. वडिलांनी घराचं दार लावून घेतलं. पदकं मात्र त्यांच्याकडे राहिली, कारण ती कुणी दिलेली नव्हती, त्यांनी मिळवली होती.

पुढे दर एप्रिलात, अँझॅक डेच्या, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या स्मरणदिवसाच्या संचलनाला क्लेम पदकं लावून यायचे आणि संयोजक त्यांना दंडाला धरून रांगेबाहेर काढायचे. क्लेम भांडायचे नाहीत. ते फुटपाथवर चढायचे आणि आपल्या पलटणीच्या बरोबरीनं, पावलाला पाऊल जुळवत स्मारकापर्यंत जायचे. मध्ये विजेचा खांब आला की त्याला वळसा. मध्ये कुणाची बाबागाडी आली की टोपीला हात लावून "माफ करा", आणि पुन्हा पाऊल जुळलेलं. मी तेव्हा तरुण होतो आणि हे या डोळ्यांनी पाहिलंय. वर्षानुवर्षं असं चाललं. मग सरकारनं लष्करातली समलिंगींवरची बंदी उठवली आणि पुढच्या एप्रिलात क्लेम फुटपाथवरून खाली उतरून आपल्या जागी उभे राहिले. कुणी त्यांची माफी मागितली नाही. त्यांनीही ती मागितली जायची वाट पाहिली नाही. असा माणूस आपल्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो, याचा मला कायम अभिमान वाटत आला आहे.

प्राइड मिरवणुकीला मात्र त्यांचा नकार ठरलेला. लोकांनी माझ्याकडे बघत राहावं हे एकदा झालं तेवढं खूप झालं, असं म्हणायचे. त्यांचे जोडीदार लेस बिचारे दरवर्षी मागं लागायचे, एकदा तरी चल म्हणून. गेल्या हिवाळ्यात लेस गेले. त्यांची उरलेली औषधं परत करायला क्लेम टॅमसिनच्या दुकानात गेले, पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, मिरवणूक कधी आहे. मी येईन, म्हणाले, लेससाठी, एकदाच. पण माझं हसं झालं तर पहिल्या कोपऱ्यावरून घरी वळेन, आणि मग पुन्हा कधी विचारायचं नाही.

तेव्हा गोष्ट साधी होती. टॅमसिनच्या मते क्लेमच्या मागून चालणाऱ्या सगळ्यांनी एकसारखा शर्ट घालायचा. रंग खाकी, बाह्यांच्या कडांना इंद्रधनुष्याची पट्टी, पाठीवर 'क्लेमची पलटण' आणि छातीवर क्लेमच्या तीन पदकांचं कापडी चित्र. यात हसं होण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे ते काम माझ्याकडे येईपर्यंत नव्हतं.

चित्रासाठी पदकांचा फोटो हवा, म्हणून मी कुंपणातल्या फटीतून क्लेमकडे गेलो. त्यांनी चहा टाकला आणि बिस्किटांचा एक जुना डबा माझ्यापुढे सरकवला. आत फडक्यात गुंडाळलेली पदकं होती.

"रिबिनींचा एकही रंग बदलायचा नाही," क्लेम म्हणाले. "तुमचं इंद्रधनुष्य बाहीवर लावा, झेंड्यावर लावा, वाटलं तर तुझ्या टकलावर लाव. रिबिनीवर नाही."

मी मान डोलावली.

"आणि डावीकडे. मी लावतो तशी."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे पदकं ज्यानं मिळवली तो ती डावीकडे, काळजाच्या बाजूला लावतो. तो गेला की त्याच्या घरचं माणूस तीच पदकं उजवीकडे लावून चालतं. माझा बाप दुसऱ्या महायुद्धात टोब्रुकला लढला होता. त्याची पदकं मी दर एप्रिलात उजवीकडे लावतो, आणि लावताना दर वेळी माझं पोट आपोआप आत जातं. एप्रिलात आमच्या रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर कोण स्वतःसाठी चालतोय आणि कोण गेलेल्या माणसासाठी, हे नुसतं छातीकडे पाहून कळतं.

मी डबा काखेत मारून निघालो, तर क्लेम दारातून म्हणाले, "परत आण हं लवकर. माझ्यामागे उजवीकडे लावायला कुणी नाही. आहे तोवर मलाच लावायची आहेत." साखर संपली आहे असं सांगावं त्या सुरात म्हणाले. त्यांच्या वडिलांची पदकं धाकट्या भावाकडे गेली, भावाकडून त्याच्या नातवाकडे. म्हणजे क्लेमना उजवीकडे लावायलाही कधी काही मिळालं नाही. यावर मी बिस्किटं छान होती असं म्हणालो. बिस्किटं त्यांनी दिलीच नव्हती.

घरी पोचतो तर फाटकावर डग्लस पेंगेली उभा. हा आमचा डावीकडचा शेजारी. लष्करात तो कोठारावर होता. त्यानं आयुष्यात एक गोळी झाडली नाही, पण एक मोजाही हरवू दिला नाही. नियम त्याला तोंडपाठ आहेत आणि ते ऐकवायला त्याला कारण लागत नाही. या खेपेला तर त्याला कारणही मिळालं होतं. त्यानं सांगितलं की आपली नसलेली पदकं डावीकडे लावणं हा गुन्हा आहे, आणि घरच्या माणसाला उजवीकडे सूट आहे.

"तू क्लेमचा कोण लागतोस?" त्यानं विचारलं.

"शेजारी."

"मग तुला बाजूच नाही," पेंगेली म्हणाला आणि आपली हिरवळ कापायला निघून गेला.

गुन्हा हा शब्द ऐकल्यावर सरकारी माणसाची झोप उडते, मग तो निवृत्त का असेना. मी राजधानीत, कॅनबेराच्या पदकांच्या कचेरीत फोन लावला. पहिल्या बाईंनी मला दुसऱ्या बाईंकडे दिलं, दुसरीनं एका गृहस्थांकडे, गृहस्थांनी संगीताकडे. बरंच संगीत ऐकून झाल्यावर तिसऱ्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, पदक आहे की कापड? मी म्हटलं, कापड. त्या म्हणाल्या, मग हा वस्त्रांचा विषय झाला, आम्ही फक्त पदकांचं बघतो. मी म्हटलं, कापडावर पदक आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्ही आधी पदक का म्हणाला नाहीत? शेवटी असं ठरलं की चित्राला कायदा लागू नाही. फक्त ज्याची पदकं आहेत त्याची परवानगी घ्या आणि त्याला दुखवू नका. फोन ठेवताना त्या बाईंनी विचारलं, कोणासाठी करताय एवढं. मी क्लेमची फुटपाथची हकिगत सांगितली. या वेळी त्यांनी मला संगीताकडे दिलं नाही. मग त्या म्हणाल्या, नीट करा हो. एवढ्या जणांकडे भटकून मला मिळालेला सल्ला एवढाच होता आणि तो बरोबर होता.

शर्ट मी कामगारांचे कपडे विकणाऱ्या दुकानातून मागवले, कारण खाकी रंग त्यांच्याकडेच मिळतो. खोकी उघडली तर प्रत्येक शर्टाच्या छातीखाली आणि दंडावर चंदेरी पट्ट्या शिवलेल्या. रात्री रस्ता खोदणाऱ्यांच्या शर्टांना असतात तसल्या. दुकानदार म्हणाला, खाकी म्हणजे खाणीतलाच शर्ट असणार, पट्टीशिवाय तो कोण घेतो? पेंगेलीनं कुंपणावरून एक शर्ट पाहिला आणि म्हणाला, सैनिकाचा कपडा दिसू नये म्हणून असतो, हा चंद्रावरून दिसेल. त्यानंतर त्यानं तत्त्व म्हणून आमच्या शर्टांकडे पाहणं बंद केलं. रोज संध्याकाळी तो कुंपणाकडे पाठ करून झाडांना पाणी घालायचा. तेव्हा मला ते बरं वाटलं. आता वाटतं, त्यानं तत्त्व जरा कमी पाळलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पट्ट्यांचा हा कोरा शर्ट घेऊन मी जीव मुठीत धरून क्लेमकडे गेलो आणि पदकांचा डबाही परत केला. त्यांनी शर्ट उन्हात धरला. तो लखलखला.

"इतकी वर्षं लपायला सांगत होते," ते म्हणाले. "आता दिसलो तर दिसू दे."

एवढं हसलेले क्लेम मी लेस गेल्यापासून पाहिले नव्हते. मी नाचतच घरी आलो. ग्लेनिस म्हणाली, नाचू नकोस, गुडघा धरेल. तो धरला.

कापडी पदकं ॲडलेडहून आली. रंग तंतोतंत, रिबिनीच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. मागं डिंक लावलेला, वरून गरम इस्त्री फिरवली की शर्टाला कायमची चिकटणार. 'कायमची' हा शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरांत होता, आणि तो किती खरा आहे हे मला पहिल्याच पदकांनी दाखवलं. शर्ट टेबलावर पसरला, पदकं ठेवली, इस्त्री फिरवली. शर्ट उचलला तर पदकं टेबलक्लॉथवर. इस्त्री वरून फिरवायची म्हणून मी ती शर्टाखाली सरकवली होती. टेबलक्लॉथ ग्लेनिसच्या आईचा होता, हातानं विणलेला, आणि आता तो व्हिएतनामला जाऊन आल्यासारखा दिसत होता. ग्लेनिस परसात गेली, नळाचा पाइप काढला आणि पुन्हा लावला. मग आत येऊन म्हणाली, इस्त्री मी करते, तू फक्त जागा दाखव.

जागा दाखवणं हे माझ्या आवाक्यातलं काम होतं. पाणीपुरवठ्यात आम्ही अंदाजानं काही करत नाही. कॉलरपासून किती खाली, गुंड्यांपासून किती दूर, हे नेमकं हवं, कारण जागा चुकली तर पदक खिशावर लोंबतं आणि हसं होतं. मी कपाटातून माझं एप्रिलचं जाकीट काढलं. माझ्या बापाची पदकं लावून लावून त्याच्या कापडाला पिनांची भोकं पडली आहेत. मी पुठ्ठा घेतला, जाकिटावर धरला, भोकांच्या जागा आखून घेतल्या आणि साचा कापला. मग एकेक शर्ट टेबलावर घेऊन त्यावर साचा ठेवायचा, खडूची खूण करायची, आणि ग्लेनिसनं इस्त्री फिरवायची. चाळीसेक शर्टांत पदक केसभर हललं नाही. ग्लेनिसनं शेवटचा शर्ट वर धरला आणि म्हणाली, छान, अगदी आपल्या नेहमीसारखं दिसतंय.

दिसतच होतं. टॅमसिननं गठ्ठे नेताना तेच म्हटलं. मंडळींनी शर्ट घरी घालून पाहिले आणि सगळ्यांना अगदी योग्य वाटले. कारण आमच्यातला एकही जण कधी लढाईवर गेलेला नाही. कुणी आजोबांची लावतो, कुणी मामाची, टॅमसिन तिच्या आजीची, जी परिचारिका होती. आम्हाला पदक जिथं बघायची सवय, तिथं ते होतं.

मिरवणुकीच्या सकाळी आम्ही धक्क्यापाशी जमलो. ऊन स्वच्छ होतं आणि आमच्या पट्ट्या अशा चकाकत होत्या की समुद्रावरचे पक्षी लांबून जात होते. एका बाजूला सॉसेज भाजणं सुरू झालं होतं. मी सगळ्यांमधून हात मागे बांधून फिरत होतो. लोक म्हणत होते, नेव्ह, कमाल केलीस, आणि मी म्हणत होतो, छे, कसलं, जरा जागेचा नेमकेपणा लागतो इतकंच. तेवढ्यात पेंगेली आपली जुनी उघडी गाडी घेऊन आला. शर्ट त्याला मान्य नव्हते, पण क्लेमना बसवायला गाडी देणं नियमात बसत होतं, आणि ती त्यानं आरशासारखी पुसली होती. गाडीतून उतरताना त्याची नजर चुकून माझ्या छातीवर पडली.

त्याचा चेहरा उतरला. तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "नेव्ह. कुठली बाजू आहे ही?"

मी खाली पाहिलं. मग टॅमसिनकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. चाळीस माणसं, आणि चाळीस वेळा माझ्या बापाचं जाकीट. क्लेमनी डावीकडे सांगितलं होतं. माझं हसं करू नका म्हणाले होते. आणि आम्ही त्यांची पदकं उजवीकडे लावली होती, जणू क्लेम मेलेत आणि आम्ही त्यांची माणसं आहोत.

पुढचा गोंधळ सांगायला लाज वाटते. टॅमसिन म्हणाली, शर्ट उलटे घाला. आम्ही घातले, तर पदकं गेली पण पाठीवरचं नावही गेलं आणि शिवणीची दशी लोंबायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, पुढचं मागं घाला. बेकरीवाल्यानं तसं करून पाहिलं, त्याच्या गुंड्या पाठीवर अडकल्या आणि त्याला सोडवायला तिघं लागली. मी पलटणीतल्या पोलीस हवालदाराकरवी क्लबाच्या स्वयंपाकघरातून इस्त्री आणवली, गरम करून एक कोपरा सुटतो का पाहिलं. पाकिटावर 'कायमची' लिहिलं होतं ते त्यांनी मनापासून लिहिलं होतं. टेबलावर कोपर टेकलं तिथं सॉसेजची चरबी होती. तेव्हा माझ्या छातीवर उजवीकडे पदकं, बाहीला चरबी, आणि तोंडासमोर माश्या, अशा अवतारात मी उभा होतो. ग्लेनिस हळूच म्हणाली, "त्यांना खरं सांग. काही बनवून सांगू नकोस." मला बनवून सांगायला काही सुचलंही नसतं.

आणि क्लेम आले. सैनिक माणूस, वेळेआधी येणार हे आम्हाला कळायला हवं होतं. निळं जाकीट, इस्त्रीची विजार, डावीकडे तीन पदकं, आणि कॉलरला लेसची छोटीशी इंद्रधनुष्याची टाचणी. कुणी न सांगता आम्ही ओळीत उभे राहिलो, कारण त्या माणसासमोर दुसरं काही करताच येत नाही. ते ओळीच्या एका टोकापासून चालू लागले. प्रत्येकाच्या छातीकडे पाहत, सावकाश. टॅमसिनपाशी थांबले, पुढे गेले. बेकरीवाल्यापाशी थांबले, त्याची एक गुंडी चुकीच्या काजात होती ती लावून दिली, पुढे गेले. पहिला कोपरा तिथून दिसत होता. ते तिथून घरी वळले तर ते माझ्यामुळे, आणि ज्या माणसाला रांगेबाहेर काढणाऱ्यांनाही कधी हरवता आलं नाही त्याला एका पुठ्ठ्याच्या साच्यानं हरवलं असं होणार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते माशीमुळे नव्हतं.

ते माझ्यासमोर आले.

"उजवीकडे लावलीत," क्लेम म्हणाले.

"हो."

"सगळ्यांनी."

"हो."

"मुद्दाम?"

हो म्हणालो असतो तर कदाचित निभावून गेलं असतं. पण मला ते जमलं नाही. "नाही, क्लेम," मी म्हटलं. "चूक झाली. माझी. जागा नेमकी यावी म्हणून माझं जाकीट समोर धरलं, बापाची लावतो ते. त्यावरून खुणा केल्या. बाजू डोक्यात आलीच नाही. सवयीनं लागली."

"सवयीनं," ते म्हणाले.

पेंगेली पुढे झाला. त्यानं सांगितलं की नियमाप्रमाणे उजवीकडे फक्त घरच्यांना लावता येतात, या मंडळींचा तसा काही हक्क नाही, आणि क्लेमची इच्छा असेल तर तो स्वतः ब्लेडनं एकेक खरवडून द्यायला तयार आहे. बिचाऱ्याला खरंच मदत करायची होती.

क्लेमनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या छातीकडे पाहत होते. मग त्यांनी बोट पुढे करून माझ्या कापडी पदकाची एक कड, जी इस्त्रीनं जरा उचलली होती, अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली.

"बापासाठी लावतोस तशी लावलीस."

"तशीच."

"मग कुणी हात लावायचा नाही," ते मोठ्यानं म्हणाले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो सार्जंटचा असणार, कारण इस्त्री हातात धरलेल्या पोलीस हवालदारानंसुद्धा ती खाली ठेवली.

ते गाडीत बसले नाहीत. पेंगेलीनं दार उघडून धरलं होतं, ते त्यांनी हातानं लावलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मग मागे वळून म्हणाले की पावलाला पाऊल जुळलं पाहिजे, आणि ज्याचं जुळणार नाही त्यानं फुटपाथवरून यावं, तिथून कसं चालायचं ते मी शिकवीन. आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग टॅमसिन हसली आणि सगळी पलटण हसली आणि निघाली.

मी चार पावलं गेलो असेन, तर बाजूनं पेंगेली धावत आला. त्याच्या गाडीचं इंजिन मागं तसंच सुरू होतं.

"जादा शर्ट आहे का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "तुला बाजू नाही ना."

"ते मी बघतो. माझ्या मापाचा आहे का ते सांग."

मापाचा नव्हता. त्यानं तो तसाच चढवला, पोटावर गुंडी न लावता, आणि स्मारकापर्यंत आमच्यात सर्वांत नीट पाऊल त्याचंच पडत होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. टाळ्या वाजत होत्या, पण काही जुनी माणसं टाळ्या न वाजवता आमच्या छातीकडे पाहत होती. आमच्या गावात उजवीकडची पदकं वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. एवढ्या माणसांच्या उजवीकडे तीच तीन पदकं, आणि पुढे तीच तीन डावीकडे लावून चालणारा माणूस, हे त्यांना लगेच कळलं. बँकेच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अँझॅक डेला क्लेमना दंडाला धरणाऱ्यांत ते असायचे. त्यांनी टोपी काढली. क्लेमनी मान किंचित हलवली आणि पाऊल मोडलं नाही.

पुढच्या रविवारी ग्लेनिसनं क्लेमना जेवायला बोलावलं. तो टेबलक्लॉथ तिनं मुद्दाम अंथरला आणि पदकांचा कोपरा त्यांच्यापुढे येईल असा फिरवला. क्लेमनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, हाही आमच्याच तुकडीत होता का. मग जेवलो. मी पाइपाबद्दल बोललो आणि कुणी ऐकलं नाही.

जाताना त्यांनी पिशवीतून तो बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं पुन्हा फोटो हवा असेल. मी म्हटलं, आता कशाला, शर्ट तर झाले.

"शर्टासाठी नाही. एप्रिलात मला लागतील, तेव्हा मागून घेईन," ते म्हणाले. "दरवर्षी मागेन. ज्या वर्षी मागायला आलो नाही, त्या वर्षी तू लाव. बाजू तुला ठाऊक आहे."